नेहेते सरांचं 'ते'

नेहेते सरांना 'नाही' म्हणता येत नव्हतं. हे मी कौतुक म्हणून सांगत नाहीये, तक्रार म्हणून सांगतेय. सर, चहा घेणार? हो. जेवूनच जा ना? हो. अहो, पण घरून जेवून निघालात ना? तेही हो. मग समोरच्याने ओळखायचं कसं, हा माणूस जेवलाय की उपाशी आहे? त्यांच्या पत्नी, सुमनकाकू, मला म्हणायच्या, "यांच्या 'हो'ला काही अर्थ नसतो गं. तू आपली पोळी वाढ आणि बघ, खातात का."

बऱ्हाणपूरच्या मराठी शाळेत सर चित्रकला शिकवायचे. मी त्यांची विद्यार्थिनी, आणि चांगली मुळीच नव्हे. पुढे फार्मसीचा डिप्लोमा करून गावातल्याच लालबागच्या रस्त्यावर एका ट्रस्टच्या दवाखान्यात औषधांच्या खिडकीवर बसले, ती अजून तिथेच आहे. खिडकीतून समोरचं सगळं आवार दिसतं. त्या आवाराच्या मधोमध जे उभं होतं, ते सरांनी केलेलं. काय केलेलं, ते मला विचारू नका. सर गेले, पण मला ते अजून कळलेलं नाही. शेवटी कळेल या आशेवर कोणी वाचत असेल, तर त्याने आत्ताच उठून चहा ठेवावा.

गोंधळात टाकायची सवय त्यांना जुनीच. सातवीत असताना वर्गात वीज गेली होती. सर म्हणाले, "पंखा काढा." आम्ही माना वर करकरून पंखा काढला, तीन पाती आणि मधे वाटी. तेवढ्यात वीज आली, पंखा गरगरायला लागला. सर म्हणाले, "आता काढा." आता काय काढा, कप्पाळ! पाती तर दिसतच नव्हती. मी उडणारे कागद काढले. माझ्या शेजारच्या शबानाने नुसतं गोल गिरगटलं. मागच्या बाकावर एक महाआळशी कार्टं होतं, त्याने कोरा कागद दिला. सरांनी तिघांच्याही कागदावर 'बरोबर' लिहिलं. मी उभी राहून भांडले, "सर, याने तर काहीच काढलं नाहीये!" सर त्या कोऱ्या कागदाकडे बघत राहिले आणि म्हणाले, "पण वर्षा, पाती दिसत नाहीयेत, हे त्याने बरोबर पकडलंय की नाही?" मी घरी जाऊन आईला सांगितलं, तर आई म्हणाली की मास्तर जरा तसेच आहेत, तू गणितात लक्ष घाल.

खाण्यातही तीच तऱ्हा. मावा जिलेबी पुढे ठेवली तर सर आधी उचलून उजेडाकडे धरायचे, तिची भोकं बघायचे, मग खायचे. "भरायला काय, कोणीही भरतो," म्हणायचे, "मोकळं कुठे सोडायचं ते त्या हलवायाला कळतं." काकूंना हा प्रकार लोकांच्या घरी झाला की मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. "अहो, खा ना मुकाट्याने, त्यांना वाटेल केसबिस सापडला!"

सर रिटायर झाले आणि थोड्याच दिवसांत काकूंचं पोटाचं मोठं ऑपरेशन निघालं, ते आमच्याच दवाखान्यात. बायकांच्या वॉर्डात पुरुष माणसाला भेटीच्या वेळेशिवाय सोडत नाहीत. त्यामुळे सर दिवसभर बाहेर आवारात. आमच्या आवारात पेशंटचे नातेवाईक सतरंजी टाकून संसारच मांडतात. कोणी लसूण सोलतंय, कोणी फोनवर केळीचा भाव विचारतंय, कोणी नुसतंच झोपलंय. सरांना यातलं काही जमेना. ते उठून बसायचे, बसून उठायचे. आमच्या मोठ्या डॉक्टरांना त्यांची दया आली. आवारात कारंज्यासाठी बांधलेला गोल हौद होता. कारंजं कधी उडालंच नव्हतं, त्यात नुसता कचरा साठायचा. डॉक्टर म्हणाले, "सर, बसून राहण्यापेक्षा या हौदात काहीतरी छान करून द्या. दवाखान्याला शोभेलसं. आई आणि बाळ वगैरे."

सर काय म्हणाले असतील, ते आता तुम्हीच सांगा.

लोधीपुऱ्यात त्यांच्या गल्लीत कुणाचा तरी पावरलूम बंद पडला होता, तिथून ते लोखंडाच्या सळया घेऊन आले. जाळी आणली, सिमेंट आणलं, वाळू आणली. नातेवाईक मंडळी रिकामीच होती, तीही कामाला लागली. कोणी पाणी आणून द्यायचं, कोणी माल कालवायचं. आतून कोणाचं नाव पुकारलं की हात तसेच घेऊन तो आत पळायचा, आणि दुसरा घमेलं उचलायचा. मी खिडकीतून बघायचे. कुठे आई दिसते का, कुठे बाळ दिसतं का? आज दिसेल, उद्या दिसेल. काही दिसलं नाही, आणि एके दिवशी सर हात धुऊन म्हणाले, "झालं."

होतं काय, ते जसं दिसलं तसं सांगते. माणसाहून थोडं उंच. खाली जाड, वर जाता जाता एका अंगाला कललेलं. मधे आरपार भोक, त्यातून पलीकडचा एक्स-रेचा दरवाजा दिसायचा. वर गोलसर काहीतरी, त्याला डोकं म्हणावं तर मान नव्हती. आणि सगळ्यात विचित्र म्हणजे त्याला पुढची बाजूच नव्हती. कोणत्याही बाजूला जाऊन उभे राहा, आपण मागेच उभे आहोत असं वाटायचं. डॉक्टरांनी त्याला एक पूर्ण फेरी मारली.

"सर, आई आणि बाळच आहे ना हे?"

"हो."

"मग यातली आई कुठली?"

सर इतके गोंधळले की डॉक्टरच बिचारे म्हणाले, "असू दे, असू दे."

काकूंना डिस्चार्ज मिळाला त्या दिवशी सर त्यांना हाताला धरून हौदापाशी घेऊन गेले. काकूंनी खालपासून वरपर्यंत पाहिलं. म्हणाल्या, "एवढे दिवस हे करत होता? आणि मी आत पडल्या पडल्या समजत होते, माझ्यासाठी डॉक्टरांच्या मागे लागलेत." मग त्या रिक्षाकडे चालू लागल्या. बसल्यावर म्हणाल्या, "वर्षा, ते पडणार तर नाही ना गं कोणाच्या अंगावर?"

नाव नसल्यामुळे सगळा दवाखाना त्याला 'ते' म्हणू लागला. 'त्या'च्या डावीकडे रक्त तपासणी, 'त्या'च्या मागे पाण्याची टाकी. सरांची तर ती रोजची जागाच झाली. काकू बऱ्या होऊन घरी गेल्या तरी सर संध्याकाळी यायचे आणि हौदाच्या कठड्यावर बसायचे. येणारा जाणारा विचारायचाच. रावेरकडचा एक केळीवाला पाटील म्हणाला, "मास्तर, हा केळीचा कोंब ना? आईच्या बुडातून निघतो तसा?" सर म्हणाले, "हो." मागावर काम करणारे एक चाचा होते, त्यांना त्यात आडवं सूत घेऊन पळणारा धोटा दिसला. "बराबर है ना मास्टरजी?" "बराबर." एका बाईला वाटलं, कोणीतरी देवाला हात जोडून वाकलंय. हो. आमच्या एक्स-रेवाल्याने मुद्दाम खोडी काढायला विचारलं, "सर, ही किडनी ना?" त्यालाही हो!

मी एकदा खिडकी बंद करून गेलेच त्यांच्याकडे. "सर, आधी एक ठरवा बुवा. कोंब आहे, धोटा आहे, का किडनी? सगळ्यांना काय हो म्हणता?"

सर म्हणाले, "अगं, आत त्यांना दिवसभर 'नाही'च ऐकावं लागतं. बेड नाही. डॉक्टर नाहीत. आत्ता भेटायचं नाही. बाहेर आल्यावर एखादा तरी हो मिळू दे की."

मला राग आला. कारण दिवसातून सगळ्यात जास्त वेळा 'हे नाही आलेलं' कोण म्हणतं, तर मी. आता स्टॉकच आला नाही तर मी काय घरी गोळ्या वळू? पण त्या संध्याकाळी घरी जाताना मला धड रागही धरता येईना आणि सोडताही येईना.

आता कवतिकबाईंचं सांगते. तापीपलीकडच्या एका खेड्यातली ही बाई. नवरा आधीच गेलेला, एकुलता एक मुलगा भरत. त्याचं पोट दुखत होतं म्हणून घेऊन आली. तो आपल्या पायांनी चालत आत गेला. दारातून "आलोच" म्हणाला, ते मागे न बघताच म्हणाला. तोवर फार उशीर झालेला होता, पोटात सगळं पसरलं होतं. तो काही बाहेर आला नाही. भाऊबंदांनी त्याला गुंडाळून गाडीत घातलं, आणि ही बाई बेशुद्ध. शेवटचं तोंड म्हणून तिने पाहिलंच नाही.

त्यानंतर तिला रक्तदाबाच्या गोळ्या लागल्या. दर महिन्याला माझ्या खिडकीवर यायची, गोळ्या पदरात बांधायची आणि जाऊन 'त्या'च्या जवळ उभी राहायची. एक दिवस तिने सरांना विचारलं, "गुरुजी, हा माहा पोऱ्या आहे ना? पाठमोरा उभा आहे तो?"

सर म्हणाले, "हो बाई. तोच."

मग ती त्याच्याभोवती फिरली. हळूहळू, कठड्याला धरत धरत. फिरून परत सरांपाशी आली. "तोंड कोन्या बाजूला आहे याचं?"

मला वाटलं, आता तरी सर खरं काय ते सांगतील. सर म्हणाले, "अजून वळला नाही, बाई."

ती मान हलवून गेली, आणि मी सरांवर जी काय उखडले! "सर, हा शुद्ध खेळ आहे. ती बाई आता दर महिन्याला येऊन बघणार, वळला का म्हणून. तुम्हाला काय वाटतं, हे बरं आहे?" सर म्हणाले, "माहीत नाही गं." आणि खरंच त्यांच्या तोंडावरून वाटत होतं की त्यांना माहीत नाहीये. अशा माणसाशी भांडायचं तरी काय? कवतिकबाई मात्र येत राहिली. गोळ्या घ्यायची, एक फेरी मारायची, "नाही वळला," म्हणायची आणि बसच्या वेळेला निघायची. रडायची नाही. मलाच आत खिडकीत बसून गलबलायचं.

पुढे मोठे डॉक्टर मुलाकडे पुण्याला गेले, ट्रस्टवर नवे अध्यक्ष आले. जिनिंगवाले शेठ. माणूस वाईट नव्हे हो, दवाखान्याला नवी इमारत त्यांनीच बांधून दिली. तिच्या उद्घाटनाला बाहेरून पाहुणे येणार होते. आवार झाडलं, कुंड्या रंगवल्या, आणि शेठ स्वतः एक चकचकीत बोर्ड घेऊन हौदापाशी आले. बोर्डावर हिंदीत मोठ्या अक्षरात 'माता और शिशु'. कुणा जुन्या लोकांकडून त्यांनी ऐकलं होतं. सर कठड्यावर बसलेलेच होते. मीही बाहेर आले.

"मास्टरसाब, यही है ना ये? माता और शिशु?"

मी 'हो'ची वाट बघत होते. मलाच काय, आम्हा सगळ्यांनाच तेवढंच हवं होतं.

सर उभे राहिले. म्हणाले, "मत लगाइए, सेठजी."

"क्यों? वो नहीं है क्या?"

"है."

"तो फिर?"

"मत लगाइए."

शेठ माझ्याकडे बघायला लागले, मी शेठकडे. "अच्छा, तो आप ही नाम बता दो. हम वो लिखवा देंगे."

"नाम नहीं है."

शेठचा आवाज चढला नाही, पण ते वैतागले. "मेहमान पूछेंगे तो हम क्या बोलें? देखो मास्टरसाब, रविवार तक सोच लो. नाम नहीं, तो हटा देंगे. चार गाड़ी खड़ी हो जाएँगी." आणि बोर्ड काखेत मारून गेले. मला तर त्यांचं म्हणणं पटलंही होतं. पटणार नाही तर काय! जन्मभर ज्याने कोणाला नाही म्हटलं नाही, तो माणूस नेमका आत्ता अडून बसला होता, आणि तेही स्वतःच्याच कामाच्या मुळावर.

शनिवारी दुपारी मी स्कूटीवरून लोधीपुऱ्यात त्यांच्या घरी गेले. सर ओसरीवर मटार सोलत होते आणि काकूंची सरबत्ती चालू होती. "सगळ्या गावाला हो म्हणता! त्या एक्स-रेवाल्याच्या किडनीला हो म्हणता! मग त्या शेठला एक हो म्हणायला काय जीभ झडते तुमची? मला मेलीला ते आवडत नाही, तरी मी म्हणतेय, राहू दे ते तिथे. तुमच्या हातचं तेवढं एकच तर आहे गावात."

मी म्हटलं, "सर, काकू बरोबर बोलतायत. बोर्डाने काय बिघडतं? लागू दे ना."

सर म्हणाले, "कवतिकबाईला वाचता येतं, वर्षा."

मला क्षणभर कळेचना. मग कळलं, आणि माझ्या डोळ्यांसमोर ती बाई आली, पदरात गोळ्या बांधून बोर्डासमोर उभी असलेली. मी कायम तिला गोळ्यांवरचं नाव मोठ्याने वाचून दाखवायचे. ती कधी म्हणालीच नाही की मला येतं.

"चौथीपर्यंत शिकलीय," सर म्हणाले. "मला तिनेच सांगितलं. ती येईल, वाचेल. आई आणि बाळ."

"पण सर, बोर्ड नाही लावला तर ते सगळंच काढून टाकणार आहेत! मग तिला काय राहील? काहीच नाही. त्यापेक्षा बोर्ड बरा ना?"

सरांचा हात थांबला. "तेही बरोबर आहे," ते म्हणाले. "कालपासून हाच विचार करतोय. मला ठरवता येत नाहीये. पण हो तोंडातून निघत नाही."

"आणि तुम्ही लोकांना सांगता ते काय खरं असतं?"

"त्यांनी विचारलं म्हणून मी सांगतो. बोर्ड कोणी न विचारताच सांगत बसेल, सगळ्यांना."

काकूंनी कपाळावर हात मारला. मीही मारला असता. ज्या बाईसाठी एवढं चाललंय, तिच्याच वाट्याचं जाणार, आणि ते तिच्यासाठीच घालवायचं? यात शहाणपण कुठलं आणि हट्ट कुठला, हे मला तेव्हा कळलं नाही. आता लिहितानाही कळत नाहीये. मटार मात्र आम्ही तिघांनी मिळून सोलले.

सोमवारी क्रेन आली. सर इस्त्रीचा शर्ट घालून हजर. पट्टा कुठे घालायचा, तडा कुठे जाईल, सगळं तेच सांगत होते. 'ते' हौदातून उचललं गेलं, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर ठेवलं गेलं, आणि तेव्हा ट्रॅक्टरवाल्याने विचारलं, "किधर उतारना है?"

कोणालाच माहीत नव्हतं! अख्ख्या ट्रस्टने ते हटवायचं ठरवलं होतं, न्यायचं कुठे ते कोणी ठरवलंच नव्हतं. मॅनेजर म्हणे, मला सांगितलं नाही. शेठ फोन उचलेनात. सर ट्रॉलीला हात लावून उभे होते, आणि पहिल्यांदाच मला ते म्हातारे दिसले.

काकू रिक्षाने आल्या होत्या, 'शेवटचं बघून घेते' म्हणून. त्या ट्रॅक्टरवाल्याला म्हणाल्या, "भैया, लोधीपुरा ले चलो. हमारे घर."

गल्लीत ट्रॉली शिरेना, म्हणून मागावरच्या पोरांनी 'ते' पाइपांवरून सरकवत नेलं. अंगणाच्या दारातून ते उभं जाईना. आडवं करून आत घेतलं. आत पुन्हा उभं करायला जावं तर वरून अगदी डोक्याशी लोंबणाऱ्या विजेच्या तारा. मग तसंच राहिलं, आडवं, पायरीपासून तुळशीपर्यंत. काकूंना नळावर जायला त्याला वळसा घालावा लागायचा. वळसा घालताना त्या रोज काहीतरी पुटपुटायच्या.

महिना उलटला आणि कवतिकबाई खिडकीवर आली. गोळ्या घेतल्याच नाहीत तिने. बुजवलेल्या हौदाच्या जागी शेठची पांढरी गाडी उभी होती, तिकडे बघत होती. मला म्हणाली, "ताई, तो कुठी गेला?"

आता बोला! मी काय सांगणार होते? मी म्हटलं, "सरांच्या घरी आहे. चला, नेते मी." खिडकी शेजारच्या पोरीवर सोपवली आणि तिला स्कूटीवर मागे बसवलं. वाटभर ती माझा खांदा घट्ट धरून होती.

त्या दुपारनंतर मी सरांना पाहिलं नाही. थंडीत झोपेतच गेले ते. म्हणून मला सर आठवतात ते त्या दुपारचेच. ओसरीच्या पायरीवर बसलेले, आणि आम्हाला बघून उठायचंही विसरलेले. कवतिकबाई दारातच थांबली. तिने 'त्या'च्याकडे पाहिलं, खूप वेळ पाहिलं. मग चप्पल काढून आत आली, खाली बसली आणि त्या गोलसर भागावर हात ठेवला.

"निजला व्हय," ती म्हणाली. मग सरांकडे वळून म्हणाली, "गुरुजी, तोंड आठीच आहे ना आता? माह्याकडे?"

मी सरांकडे पाहिलं. सरांनी तोंड उघडलं. डोळे भरून वाहायला लागले होते, आणि ते स्वतःच केलेल्या त्या सिमेंटकडे असे बघत होते, जणू काही हे कोणी आणून ठेवलं इथे. जन्मभर ऊठसूट हो म्हणणाऱ्या माणसाला तो एक हो येईना.

काकू नळावरून हात पुसत आल्या. कवतिकबाईशेजारी बसल्या. त्यांना ते कधी आवडलं नव्हतं, त्यात त्यांना कधी काही दिसलंही नव्हतं.

"हो बाई," काकू म्हणाल्या, "तुमच्याकडेच आहे." आणि मग माझ्याकडे बघून हलक्या आवाजात, "वर्षा, दार लोट गं तेवढं. वारा येतोय त्याच्यावर."

मी दार लोटलं.